अर्ध्या तेलावर

भंगारवाला येणार होता, म्हणून पंढरी सकाळीच फळीवरचे ऑइलचे रिकामे डबे खाली काढत होता. या कामाला डोकं लागत नाही. डब्याची मूठ धरायची, मनगट जरासं फिरवायचं, की डबा गोणीत जाऊन पडतो. त्याचं निम्मं लक्ष बाहेरच्या उन्हाकडे होतं, निम्मं आतल्या कुकरच्या शिट्टीकडे. तेवढ्यात एका डब्यानं त्याचं मनगट खाली ओढलं. डबा जड होता. फार नाही, पण रिकामी म्हणून उचललेल्या वस्तूत वजन निघालं की अंग दचकतं, तसा तो दचकला. त्यानं डबा हलवला. आत तेल डचमळलं. हा आवाज त्यानं जन्मभर ऐकला होता, पण फळीच्या या टोकाकडून, रिकाम्या डब्यांच्या रांगेतून, तो कधी आला नव्हता. सील तुटलेलं होतं, झाकण नीट घट्ट लावलेलं होतं, आणि आत निम्म्याच्या आसपास तेल होतं, मधाच्या रंगाचं, कोरं.

हे तेल इथं असायलाच नको होतं. एका गाडीला एक डबा, हा त्याचा रिवाज. मालकाच्या डोळ्यांदेखत सील फोडायचं, मालकाच्या डोळ्यांदेखत जुनं काळं तेल इंजिनाखालच्या चेंबरमधून पातेल्यात सोडायचं, नवं फिल्टर बसवायचं, नरसाळं लावून डबा उपडा करायचा आणि शेवटचा थेंब निथळेपर्यंत धरून ठेवायचा. आदिलाबादमध्ये गॅरेजं काय कमी आहेत? तरी भीमपूरकडची, पार सीमेवरची माणसं तेल बदलायला त्याच्याकडे येत, ती यासाठीच. दुसरीकडे नव्याचे पैसे घेऊन जुनंच तेल ठेवतात, नाहीतर कसलं तरी मिसळलेलं घालतात, असं लोक बोलत. पंढरीकडे मात्र पाहावं लागत नाही. ‘पाहावं लागत नाही’ हे त्याला कुणी दिलेलं प्रशस्तिपत्र होतं की त्यानंच स्वतःला लावलेली पाटी होती, कोण जाणे. पण काम झाल्यावर एखाद्या गिऱ्हाइकानं बॉनेटखाली हात घालून तेलाची पातळी पाहायची काडी उपसली, की त्याच्या कानशिलांत काहीतरी तापायचं. तो नुसतं फडकं झटकायचा. गिऱ्हाईक समजून जायचं.

डबा हातात धरून तो तसाच उभा राहिला. काल दुपारनंतर दोन गाड्यांचं तेल बदललं होतं. एक कापड दुकानवाल्या केशवरावांची आणि एक शाळेतल्या शुभांगी मॅडमची. दोन्ही गाड्यांना हेच तेल. त्यातली कुठली तरी एक अर्ध्या तेलावर रस्त्यावर पळत होती. कुठली? तो आठवू लागला. जुनं तेल काळ्या धारेनं पडताना आठवलं, चेंबरचा बोल्ट पिळून बसवतानाची मनगटातली कळ आठवली, नरसाळं आठवलं, आणि पुढे काहीच नाही. विसरलेली गोष्ट धूसर दिसते, ओळखीची तरी वाटते; इथं तसंही नव्हतं. भिंतीतली वीट काढून घ्यावी तशी जागा सरळ रिकामी होती, तिच्या कडा साफ होत्या. त्या रिकाम्या जागेतून त्याला एकदम त्याचा बाप दिसला.

बाप मंचेरियलला कोळशाच्या खाणीवर पंपाचा फिटर होता. हात असा, की बोल्ट किती पिळला हे मोजायला यंत्र लागायचं नाही. आणि म्हातारपणी तोच बाप गल्लीत पाना घेऊन उभा राहायचा, नसलेला पंप शोधत. एकदा शेजाऱ्याच्या सायकलीचा नट त्यानं इतका पिळला, की आटेच गेले. बापानं आपल्याच हाताकडे असं पाहिलं, जसं परक्या माणसाचा हात चुकून आपल्या बाहीत आला आहे. तेव्हा पंढरी तरणा होता. त्याला दया आली होती, आणि दयेखाली थोडी किळसही. आज आपल्या हाताकडे पाहायची त्याची हिंमत झाली नाही. त्यानं कुकरखालचा गॅस बंद केला आणि डबा घेऊन तो केशवरावांच्या दुकानाकडे निघाला.

केशवराव गादीवर बसून उदबत्ती लावत होते. गाडी दुकानासमोरच उभी होती, म्हणजे चालू तरी नव्हती. “शेठ, जरा बॉनेट उघडा,” पंढरी म्हणाला.

“काऊन? कालच तं काम केलं तुमी.”

“सहज. एकदा पाहून घेतो.”

केशवराव हसले. “तुमीच म्हन्ता ना, माझ्या कामाले पाहा लागत नाई म्हनून? आज काय झालं?”

पंढरीनंही हसल्यासारखं केलं. त्यानं काडी काढली, पुसली, पुन्हा खाली घातली, पुन्हा काढली. वरच्या खुणेला तेल टेकलेलं होतं, स्वच्छ, सरळ रेषेत. पाहून आनंद व्हायला हवा होता, पण त्यानं काडी घाईनं परत आत सारली. म्हणजे मॅडमची. मॅडमची गाडी दुकानासमोर उभी नसते. ती रोज सकाळी इचोड्यापर्यंत मोठ्या रस्त्यानं आणि पुढे टेकड्यांमधल्या वळणांनी बाजारहत्नूरला जाते. तिथल्या मराठी शाळेत त्या शिकवतात. आणि या वेळेला त्या निघून गेलेल्या असतात.

परत येता येता त्यानं फोन लावला. फोनमधली बाई मोठ्या अदबीनं तेलुगूत सांगत होती, की आपण ज्यांना फोन करत आहात ते क्षेत्राबाहेर आहेत. त्यानं पुन्हा लावला. तीच अदब. त्याला आठवलं, मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा कुठंतरी फसून आल्या होत्या. नव्या तेलाचे पैसे दिले होते आणि काडीवर डांबरासारखं काळं निघालं होतं. गाडी त्यांनी स्वतःच्या पगारातून, घरच्यांच्या मनाविरुद्ध घेतली होती. बाईमाणसानं एकटीनं त्या रानातल्या रस्त्यानं गाडी हाकायची, कुठं बंद पडली म्हणजे, असं सासरी रोज ऐकावं लागायचं. हे सगळं त्यांनी पंढरीच्या बायकोला, कुसुमला सांगितलं होतं, तेव्हा कुसुम बोलती होती आणि बायका तिला काहीही सांगत. त्या पहिल्या दिवशी काम झाल्यावर मॅडमनं विचारलं होतं, “काका, मी काडी काढून पाहू?” काडी त्यांनी अर्धी उपसलीही होती. आणि पंढरी हसत, पण हसण्याच्या खाली कडक होऊन म्हणाला होता, “मॅडम, इथं पाहा लागत नाई.” त्या ओशाळल्या. काडी त्यांनी हळूच परत आत सारली, एखाद्याच्या खिशात चुकून गेलेला हात काढून घ्यावा तशी. त्यानंतर त्यांनी ती कधी बाहेर काढली नव्हती. म्हणजे कालही काढली नसणार.

गॅरेजमागच्या दोन खोल्यांतल्या एकीत कुसुमबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मागच्या उन्हाळ्यात लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली आणि बाजूबरोबर बोलणंही. हात-पाय हळूहळू थोडे परतले. काठी टेकत त्या चालू लागल्या. बोलणं मात्र कालपर्यंत एका शब्दावर अडकलेलं होतं. ‘तेच.’ पाणी हवं असलं तरी ‘तेच’, दुखत असलं तरी ‘तेच’, कावळा भाकरी घेऊन गेला तरी ‘तेच’. बाकीचे सगळे शब्द कुठंतरी आत कोंडलेले होते आणि दारातून एवढाच एक येत-जात होता. त्याच एका शब्दाच्या चढउतारावरून पंढरी सगळं ओळखायचा. पण ओळखणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. पूर्वी ही बाई गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून दिवसभर बोलायची. सुट्या भागांच्या दुकानदाराशी हिंदीत भांडायची, गिऱ्हाइकांशी तेलुगूत हसायची, आणि मधल्या वेळात पंढरीशी, तो ऐको न ऐको. पंखा चालू असला म्हणजे त्याचा आवाज कळत नाही, तसं त्याला ते बोलणं कधी कळलंच नाही. पंखा बंद पडला आणि घरातला सगळा उकाडा अंगावर आला.

“मी येतो,” तो म्हणाला. “इचोड्याच्या पलीकडं जाऊन येतो. तू पडून राह्य.” पण तिला एकटीला सोडायचं कसं? हा विचार त्याच्या चेहऱ्यावर उमटेपर्यंत ती काठी टेकून उठली होती. तिनं डाव्या हातानं शाल ओढली. तोंड उघडलं, ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. “मी,” ती म्हणाली. मग दम घेऊन, “मी बी.”

जुनी व्हॅन त्यानं बाहेर काढली. कुसुमला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, तेलाचा डबा तिच्या पायांपाशी ठेवला. तो कलंडू नये म्हणून तिनं आपल्या चांगल्या हातानं त्याची मूठ धरली. गाव मागे पडलं. जिनिंगच्या गिरण्यांबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि भरून आलेल्या गाड्यांनी वाटेतल्या सगळ्या बाभळी पांढऱ्या केल्या होत्या; काट्याकाट्याला कापसाचे पुंजके लटकत होते. पंढरी जोरात हाकत होता आणि डोळे दूरवर ठेवत होता, रस्त्याच्या कडेला कुठं निळी गाडी दिसते का. त्याच्या डोक्यात ते इंजिन चालू होतं. अर्धं तेल म्हणजे सरळ रस्त्यावर काही कळत नाही. वळण आलं, की तेल चेंबरच्या एका अंगाला जातं, पंपाला तेलाऐवजी वारा मिळतो आणि समोरचा लाल दिवा क्षणभर पेटतो. तेवढ्या क्षणात लोखंड लोखंडाला कोरडं घासतं. मग वळण सरतं, दिवा विझतो, माणसाला वाटतं भास झाला. दहातली नऊ माणसं तशीच पुढे जातात. मग एका चढावर आतून कुणीतरी हातोडी मारल्यासारखा आवाज येतो, गाडी जागच्या जागी जखडते, आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ते माहीत नसतं. हे त्याला सगळं माहीत होतं. मग हात थांबला कसा?

तो पुन्हा त्या रिकाम्या जागेशी गेला. हळूहळू, चोरपावलांनी. नरसाळं लावलं होतं. डबा उपडा केला होता. तेलाची धार जाड, सावकाश, आवाज न करणारी. ऊन तिरपं होऊन दारातून आत आलं होतं आणि त्या धारेत उतरलं होतं. आणि मग? मग काल दुपारची दुसरी एक गोष्ट त्याला आठवली. ती त्याला आठवावी लागतच नव्हती, कारण कालपासून तो तीच मनात धरून होता, झोपतही. पण ती त्यानं वेगळ्याच ठिकाणी ठेवली होती, जिथं गाड्या नसतात, तेल नसतं. कुसुम दारात खुर्चीवर बसलेली. ती त्याच्याकडे पाहत होती. आणि ती म्हणाली, “गुंडी तुटली तुमची.” अख्खं. वाक्य. कपाळाला आठी घालून, अगदी पूर्वीसारखं, नवऱ्याला धड कपडेही घालता येत नाहीत अशा सुरात. त्यानं खाली पाहिलं तर खरंच शर्टाची एक गुंडी नव्हती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला, तेलकट हातांनी तिचे पाय धरून. ‘काय म्हनली? पुन्हा म्हन,’ म्हणाला. ती पुन्हा म्हणाली नाही, पण हसली. मग तो उठला, डोळे पुसले, बॉनेट खाली केलं.

बॉनेट. त्या आठवणीत बॉनेट होतं. निळं बॉनेट. गुडीहत्नूरचा चौक मागे जात असताना ते दोन तुकडे एकमेकांना येऊन लागले, आणि पंढरीच्या तोंडातून नकळत ‘अरे’ निघालं. त्यानं डबा खाली ठेवला होता तो या हाकेसाठी. मॅडम तेव्हा फोनवर बोलत रस्त्यापलीकडे गेल्या होत्या. झाकण हाताच्या सवयीनं लावलं, डबा हाताच्या सवयीनं फळीवर गेला. इतक्या वर्षांच्या तिच्या बडबडीत त्याचा हात कधी चुकला नव्हता. चुकला तो एका वाक्यानं. त्याला हसू येऊ लागलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली; कारण सापडलं म्हणून काही इंजिनात तेल जाणार नव्हतं. शिवाय बापालाही प्रत्येक वेळी काहीतरी कारण सापडायचंच. पुढचं कोण सांगणार? पण ती भिंतीतली रिकामी जागा आता रिकामी नव्हती. तिथं ही बाई बसलेली होती, कपाळाला आठी घालून.

“कापूस,” कुसुम बाहेर पाहत म्हणाली. तो चमकला. “कापूस,” ती पुन्हा म्हणाली, मग बोट दाखवून, “बाभूळ.” मग रस्त्यात एक म्हैस आडवी आली, तो कचकन थांबला, आणि कुसुम म्हणाली, “मावशी.” तिला चूक कळली. तिनं मान हलवली, ओठ जुळवले, पुन्हा निघालं, “मावशी.” म्हैस आपल्याच नादात रस्ता ओलांडत राहिली. कुसुम खुदकन हसली आणि हसता हसता तिनं डबा आणखी घट्ट धरला.

इचोड्याहून वळल्यावर रस्ता अरुंद झाला. दोन्हीकडे तुरीची पिवळी शेतं, मग साग, मग छोट्या टेकड्या. प्रत्येक वळणाला पंढरीचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. रस्त्यावर तेलाचे डाग आहेत का, काचा आहेत का, माणसं जमली आहेत का. वळणामागून वळण, काही नाही. आणि मग एका मोहाच्या झाडाखाली, रस्त्यापासून पुरती बाजूला घेतलेली, बॉनेट उघडलेली निळी गाडी. शुभांगी मॅडम मोरीच्या कठड्यावर उभं राहून फोन डोक्याच्या वर धरून फिरवत होत्या. त्या उभ्या होत्या, धडधाकट होत्या. पंढरीनं व्हॅन मोहाखाली घेतली आणि तो उतरला.

“काका!” त्या कठड्यावरून उतरल्या. “तुमाले कसं समजलं? फोन तं लागूनच नाई राह्यला.”

“गाडी कवा बंद केली?” त्यानं विचारलं. “आतून टकटक आवाज आला का?”

“नाई. दिवा लागला वळनावर. मंग विझला. मले वाटलं दिवाच खराब असन. मंग दुसऱ्या वळनावर पुन्हा लागला, तं मी बाजूला घेतली अन् बंदच करून टाकली. चालू नाई केली मंग.”

“चांगलं केलं. लय चांगलं केलं.”

“काडी काढून पायली मी,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा खाली गेला. “कोरडी दिसली. दोनदा पुसून पायली. मले वाटलं, मलेच पाहता येत नाई. काकानं कालच केलं, म्हनजे मलेच समजून नाई राह्यलं.”

त्या रागावल्या असत्या तर तो रागासमोर उभा राहिला असता. पण या बाईनं डोळ्यांना दिसणारी कोरडी काडी खोटी मानली होती आणि त्याला खरं. एवढा विश्वास त्यानंच मागून घेतला होता. तो असा काही दिसेल हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं व्हॅनमधून डबा काढून त्यांच्यासमोर धरला. “तुमाले नीट पाहता येते, मॅडम. हे पाहा. हे कालच तुमच्या गाडीत जायचं होतं. अर्धं टाकलं अन् अर्धं माझ्याजोळ राह्यलं. चूक माझी हाय.”

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा बदलला. “म्हनजे एवढा रस्ता मी अर्ध्या तेलावर आली?”

“हो.”

“काल मी काडी काढनार होती, काका. हात बी नेला होता. मंग म्हनलं, जाऊ द्या, काका नाराज होतीन.” त्या थांबल्या. “चढावर गाडी जखडली असती तं? मागून ट्रक असता तं? घरी तं तयारच बसले आहेत सगळे, गाडी सोड म्हनाले. अन् काऊन झालं असं? तुमच्या हातून?”

सांगायला त्याच्याकडे होतं. ती गोष्ट इतकी जवळ होती, की नुसते ओठ उघडायचा अवकाश. पण ती सांगितली तर कालचा तो आनंद एका चुकीचं निमित्त होऊन जाईल, तिच्या आजारपणावर त्याची चूक खपून जाईल, असं त्याला वाटलं. “ध्यान नव्हतं,” तो म्हणाला. “दुसरं काई नाई.”

“मी,” मागून आवाज आला.

व्हॅनचं दार उघडं होतं. कुसुम एक पाय खाली सोडून बसली होती. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, डावा हात हवेत काहीतरी शोधत होता. “मी... बोलली,” ती म्हणाली. मग सगळा जोर एकवटून, “मी बोलली. म्हनून.”

शुभांगी मॅडम जागच्या जागी थांबल्या. त्यांनी कुसुमकडे पाहिलं, पंढरीकडे पाहिलं, पुन्हा कुसुमकडे. “काकू,” त्या म्हणाल्या. “तुमी बोलल्या?” आणि त्या धावत गेल्या. रस्त्याच्या धुळीत गुडघे टेकून त्यांनी कुसुमचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “कवापासून? काय बोलल्या? अजून बोला ना, काकू.” कुसुमला अजून काही सुचेना. तिनं पंढरीच्या शर्टाकडे बोट दाखवलं आणि मान हलवत राहिली. मॅडमना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांचे डोळे भरून आले होते आणि राग अजून पुरता गेलेला नव्हता. दोन्ही एकाच चेहऱ्यावर होते आणि एकमेकांना ढकलत नव्हते. पंढरी पाहत राहिला. आपल्याला माफ केलं की नाही हे त्याला कळलं नाही, आणि ते लगेच कळायला पाहिजे असंही त्याला वाटलं नाही.

त्यानं खाली वाकून चेंबर पाहिलं, बोल्ट पाहिला, कुठं गळती नव्हती. मग नरसाळं लावून त्यानं तेल ओतलं. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. तेल खाली उतरायला थोडा वेळ जाऊ दिला. मग फडकं काढून त्यानं मॅडमपुढे केलं. “आता तुमी पाहा.”

“राहू द्या, काका. तुमी पायलं ना.”

“नाई. मी पायलं तरी तुमी पाहा लागते. दर खेपेले. माझ्यासमोर पाहा, अन् घरी जाऊन पुन्हा पाहा. महिन्यातून दोन-चार खेपा पाहत जा, सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी सपाटीवर उभी करून. मी फुगून बसलो तरी पाहा.”

त्यांनी काडी काढली, पुसली, आत घातली, पुन्हा काढली आणि उजेडाकडे धरली. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ, ओली चकाकती रेषा होती. ती रेषा त्यांनी बराच वेळ पाहिली. मग त्यांनी काडी पंढरीच्या डोळ्यांपुढे धरली, शिक्षिकेनं मुलाला पाटी दाखवावी तशी, आणि तोही वाकून मुलासारखा पाहू लागला. गाडी चालू केली. लाल दिवा पेटला आणि लगेच विझला. पंढरी बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून ऐकत राहिला. इंजिनाच्या आतून वर येणारी ती बारीक, एकसारखी थरथर त्याच्या तळहातातून कोपरापर्यंत चढली. कुठं ठेच नाही, कुठं खरखर नाही. “बरोबर हाय,” तो म्हणाला. “पन येत्या रविवारी एकदा घेऊन या. चेंबर खोलून पाहू. दोघं मिळून पाहू.”

“येईन,” त्या म्हणाल्या. मग गाडीत बसता बसता थांबून, “काकूंले पाहाले बी येईन.”

निळी गाडी पुढच्या वळणाआड गेली. पंढरीनं व्हॅन वळवायला घेतली. गॅरेजला कुलूप होतं, भंगारवाला येऊन गेला असेल, एखादी गाडी दारात उभी असेल. त्यानं व्हॅन अर्धी फिरवली तोच कुसुमनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. ती उजवीकडच्या कच्च्या रस्त्याकडे पाहत होती. तो रस्ता तुरीच्या शेतांमधून एका लहानशा गावाकडे जात होता आणि त्या गावात तिची धाकटी बहीण रेणुकाबाई राहायची. लकव्यानंतर रेणुकाबाईचा फोन आठवड्यातून दोनदा तरी यायचा, आणि प्रत्येक वेळी कुसुम हात हलवून नको म्हणायची. प्रत्येक वेळी पंढरी सांगायचा, झोपली आहे. आपण अशा झालो हे बहिणीनं ऐकू नये, एवढंच तिला वाटत असावं. त्यांचं भांडण-बिंडण काही नव्हतं.

“रेणुका,” कुसुम म्हणाली. नाव स्वच्छ आलं. तिलाच त्याचं नवल वाटलं, म्हणून तिनं ते पुन्हा म्हणून पाहिलं. “रेणुका.”

“आत्ताच?” त्यानं विचारलं. तिनं हात काढला नाही. पंढरीनं चाक उजवीकडे घेतलं.

अंगणात कापूस वाळत घातला होता आणि रेणुकाबाई ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. व्हॅनचा आवाज ऐकून त्यांनी डोळ्यांवर हात धरला. कोण आलं ते कळलं तशी मांडीवरच्या शेंगा सगळ्या अंगणात सांडल्या. त्या धावत आल्या, पण व्हॅनपाशी येऊन थबकल्या, काचेची वस्तू हातात घ्यावी की नाही अशा. मग आजारी माणसाशी बोलतात तसं मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाल्या, “बाई... मी... वळखू... येते का?”

कुसुमचे ओठ जुळले. काहीतरी मोठं यायचं होतं, मधल्या सगळ्या महिन्यांचं, ते पंढरीला दिसत होतं. ते येत नव्हतं. तिच्या गालावर लाली चढली, डावा हात हवेत फिरला. पंढरीच्या तोंडाशी दोन-तीन वाक्यं आली, तिच्या वतीनं बोलायची, रोजच्यासारखी. त्यानं ती गिळली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तो गप्प बसला. रेणुकाबाई वाट पाहत राहिल्या. कापसावर एक चिमणी येऊन बसली आणि उडाली.

“भूक लागली मले,” कुसुम म्हणाली.

रेणुकाबाईंनी पदर तोंडात धरला. रडत, हसत, सांडलेल्या शेंगा तुडवत त्या घराकडे वळल्या आणि आतल्या सुनेला ओरडून म्हणाल्या, “अवं, चूल पेटव! बाई आली माझी. जेवाले मागून राह्यली!”